बैल पुढें आणि शिंगें मागें

व्यवस्थितपणा हा गुण सर्वांस आवडतो. परंतु व्यवस्थितपणा म्हणजे काय असें विचारलें, तर बहुतेक माणसें एकच उत्तर देतात : सारख्या वस्तू सारख्यांजवळ ठेवणें. वाण्याच्या दुकानांत डाळी डाळींच्या ओळींत व तेलें तेलांच्या ओळींत असतात. शाळेच्या कपाटांत नकाशे एका कप्प्यांत व परीक्षानळ्या दुसऱ्या कप्प्यांत असतात. आठवडी बाजारांतही भाजीवाल्यांची रांग निराळी आणि कापडवाल्यांची निराळी. ही मांडणी सोयीची आहे, व तिला कोणी नांवें ठेवणार नाहीं. तथापि मांडणीचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो आम्हांस आमच्या विद्यार्थ्यांनीं काढलेल्या एका बैलाच्या योगानें मुलांपुढें स्पष्ट करतां आला. त्या बैलाची हकीकत सांगावी, व तिच्या निमित्तानें हलत्या चित्रांच्या विद्येविषयीं चार शब्द विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गतवर्षींच्या स्नेहसंमेलनाकरितां इयत्ता नववींतील सात मुलामुलींनीं पोळ्यावर तीन मिनिटांचें हलतें चित्र तयार करावयाचें ठरविलें. विषय निवडण्यास त्यांस मुळींच वेळ लागला नाहीं. आपल्या दिग्रसच्या पंचक्रोशींत पोळा पाहिला नाहीं असें मूल सांपडावयाचें नाहीं. श्रावणी अमावास्येच्या आदल्या सायंकाळीं बैलांचे खांदे शेकावयाचे, सकाळीं त्यांस धुवावयाचें, शिंगें रंगवावयाचीं, कपाळीं बाशिंग, पाठीवर झूल व गळ्यांत घुंगरमाळ बांधावयाची, आणि मग तोरणाखालीं उभें राहून एकामागून एक झडत्या ऐकावयाच्या. दुसऱ्या दिवशीं लांकडी बैल ओढीत लहान मुलांचा तान्हा पोळा निघावयाचा. एवढी सामग्री घरचीच असतां बाहेर विषय शोधावयास कोण जाईल ?

साधन म्हणून त्यांनीं शाळेच्या संगणकांवरील ‘सिन्फिग स्टुडिओ’ हें सॉफ्टवेअर घेतलें. तें विनामूल्य मिळतें. अशा सॉफ्टवेअरमध्यें सबंध चित्र एका कागदावर काढीत नाहींत. त्याचा एकेक भाग एकेका थरावर काढतात. आमचे विद्यार्थी थरास ‘लेयर’ म्हणतात, व तो शब्द आतां मराठींत मुरला आहे. आम्ही मात्र येथें थरच म्हणूं. ज्या पालकांनीं हें काम पाहिलें नसेल, त्यांनीं कांचांची एक चळत डोळ्यांपुढें आणावी. सर्वांत खालच्या कांचेवर आकाश, तिच्यावरच्या कांचेवर गांव, तिच्यावर बैल, आणि सर्वांत वर तोरण. वरून पाहणाऱ्यास एकच चित्र दिसतें. परंतु बैलाची कांच सरकविली, तर बैल तेवढा चालतो, आणि गांव जागच्या जागीं राहतें.

कांचांची ही उपमा आम्हीं पदरची घातलेली नाहीं. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें जे खेळ सुरू केले, ते खरोखरच कांचांचे होते. कांचेच्या लहान लहान तुकड्यांवर हातानें रंगविलेलीं चित्रें कंदिलाच्या उजेडानें पडद्यावर मोठीं करून पाडावयाचीं, आणि एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था दाखविणाऱ्या कांचा झरझर बदलून तें पात्र हलल्याचा भास करावयाचा, अशी ती युक्ति होती. ल्यूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें मुंबईंत १८९६ सालीं आलीं. म्हणजे त्यापूर्वीं चार वर्षें एका मराठी माणसानें पडद्यावरचीं चित्रें हलतीं केलीं होतीं. पुढें दादासाहेब फाळके यांनीं १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लहानशा चित्रपटांत काडेपेटींतल्या काड्या नाचविल्या. त्या रीतींत एकेक काडी हातानें किंचित् सरकवावयाची, व प्रत्येक वेळीं एक चित्र घ्यावयाचें. दहा काड्या एका दिशेनें जाणार असल्या, तरी दहाही वेगवेगळ्या सरकविल्यावांचून गत्यंतर नसतें. जवळजवळ त्याच वेळीं, १९१४ सालीं, अमेरिकेंत अर्ल हर्ड यानें सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर चित्रें काढण्याची रीत शोधून काढली. न हलणारा देखावा एकदांच काढावा, व हलणारें पात्र तेवढें वरच्या पत्र्यांवर पुनः पुनः काढावें, ही तिच्यांतली सोय. मुंबईंत १९५६ सालीं फिल्म्स डिव्हिजनचें व्यंगचित्रपटांचें खातें निघालें, आणि राम मोहन यांच्यासारख्या चित्रकारांचा हात तेथें अशाच कामावर बसला. त्यानंतर संगणक आला. १९९३ सालीं ‘आफ्टर इफेक्ट्स’ हें हलत्या चित्रांचें सॉफ्टवेअर अमेरिकेंत निघालें, १९९४ सालीं ‘फोटोशॉप’मध्यें थर आले, आणि चित्रकाराच्या टेबलावरचे पत्रे हळूहळू नाहींसे झाले.

पत्रे होते तोंवर एक बंधन आपोआप पाळलें जात असे. चार-पांचांहून अधिक पत्रे एकावर एक रचले, तर खालचे रंग मळकट दिसत. म्हणून चित्रकारास काटकसर करावीच लागे. संगणकावर तें बंधन उरलें नाहीं. आमच्या मुलांच्या एकाच बैलाचे थर मोजून पाहा : धड, वशिंड, मान, डोकें, दोन शिंगें, दोन कान, एका बाजूनें दिसणारा एक डोळा, बाशिंग, झूल, घुंगरमाळ, शेपूट, आणि चार पायांचे प्रत्येकीं तीन तुकडे. एकंदर पंचवीस. बैल दोन, म्हणजे पन्नास. शिवाय धनी, तोरण, घरें, झाडें, ढग आणि धूळ. थरांची यादी पडद्यावर मावेना. त्यांतून सॉफ्टवेअर प्रत्येक नव्या थरास आपण होऊन एक ठराविक नांव व आंकडा देतें. तेव्हां अमक्या आंकड्याचा थर हा कान कीं खूर, हें तो थर निवडून पाहिल्याशिवाय कळेना.

अशा वेळीं थरांचे गट करावयाचे असतात. वर्गांत नेहमीं पहिल्या येणाऱ्या एका मुलीनें हें काम आपल्याकडे घेतलें, व एका दुपारींत तें पुरें केलें. ‘शिंगें’ या गटांत दोन्ही बैलांचीं चारही शिंगें, ‘पाय’ या गटांत चोवीस तुकडे, ‘कान’ या गटांत चार कान, व ‘दागिने’ या गटांत बाशिंगें, झुली आणि घुंगरमाळा. यादी आतां एका दृष्टिक्षेपांत मावूं लागली. तिची वही जशी नीटनेटकी, तशीच ती यादी. मग तिनें ढवळ्या बैलाचें धड तोरणाच्या दिशेनें सरकविलें, आणि चित्र चालू केलें. धड पुढें गेलें. शिंगें, कान, डोळा व बाशिंग हीं हवेंत जागच्या जागीं तरंगत राहिलीं. वर्गांत असा हशा पिकला कीं, शेजारच्या वर्गावरील शिक्षकांस उठून यावें लागलें. मुलगी रडकुंडीस आली. “सर, मी तं सारं बराबर लावलं होतं !” असें ती म्हणाली, आणि तिचें म्हणणें खोटें नव्हतें.

त्या सातांत एक मुलगा असा होता कीं, तो बोलण्यापेक्षां ऐकण्याचेंच काम अधिक करी. तो जवळच्या एका तांड्यावरून शाळेंत येई. त्याच्या घरीं संगणक नव्हता. आजोबांची बैलजोडी मात्र होती. हशा ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, “सर, शिंग शिंगासंगं चालत नाही. शिंग बैलासंगं चालते.”

हें वाक्य आम्हीं फळ्याच्या एका कोपऱ्यांत लिहिलें, व आठवडाभर तें कोणास पुसूं दिलें नाहीं. सारखेपणावरून केलेला गट शोधण्यास सोयीचा असतो. सोबतीवरून केलेला गट हलविण्यास सोयीचा असतो. कपाटास पहिला पुरतो, कारण कपाटांतल्या वस्तू चालत नाहींत. ज्या चित्रास चालावयाचें आहे, त्यास दुसरा लागतो.

मग त्या मुलानें व त्या मुलीनें मिळून सर्व गट मोडले आणि पुनः बांधले. सर्वांत बाहेरचा गट जोडीचा. त्याच्या पोटांत दोन गट, ‘ढवळ्या’ व ‘पवळ्या’. प्रत्येकांत डोक्याचा एक गट, व त्यांत शिंगें, कान, डोळा आणि बाशिंग. पायांची रचना याहून बारीक : मांडीच्या गटांत मांडी आणि गुडघ्याखालचा गट, त्या गुडघ्याखालच्या गटांत नळी आणि खूर. आतां जोडी सरकविली कीं दोन्ही बैल जातात. डोकें लवविलें कीं शिंगें लवतात. मांडी उचलली कीं खूर तिच्याबरोबर उचलला जातो. पन्नास थरांस पन्नास आज्ञा देण्याचें काम एका आज्ञेंत होऊं लागलें.

हें करतांना तीन गोष्टी मुलांच्या अनुभवास आल्या. त्या येथें नमूद करतों, म्हणजे यंदाच्या नववीस उपयोगीं पडतील. पहिली गोष्ट सांध्याची. गट फिरविला, तर तो कोणत्या तरी बिंदूभोंवतीं फिरतो. तो बिंदु मूळचा जेथें असेल तेथेंच राहूं दिला, तर पाय अंगापासून निखळून भलतीकडेच भिरभिरतो. तो सांध्यावर आणून ठेवला म्हणजे पाय पायासारखा हलतो. मांडीचा बिंदु मांडीच्या मुळाशीं, डोक्याचा मानेशीं, शेपटाचा शेपटाच्या बुडाशीं. दुसरी गोष्ट सीमेची. मुलांस बैलांच्या पायांपुढची धूळ अस्पष्ट दाखवावयाची होती. त्यांनीं धुळीच्या थरावर अस्पष्टता आणणारा थर ठेवला, तों धुळीबरोबर बैल, घरें आणि आकाश हीं सर्वच धूसर झालीं. कारण या सॉफ्टवेअरमध्यें असा थर आपल्या खालच्या सर्व थरांवर परिणाम करतो. धूळ आणि तो थर या दोघांस एका गटांत घालतांच परिणाम गटाच्या आंतल्या आंत थांबला. तिसरी गोष्ट एकजिनसीपणाची. शेवटीं तिन्हीसांजेस बैल हळूहळू दिसेनासे व्हावयाचे होते. प्रत्येक थर वेगवेगळा फिकट केला, तेव्हां झुलीआडून धड व धडाआडून पलीकडचा पाय दिसूं लागला, जणूं काय तो बैल कांचेचाच आहे ! सबंध गट फिकट केला, तेव्हां बैल बैलासारखाच राहून अंधारांत मिसळला.

येथें कोणी विचारील कीं, गटांत गेल्यावर थराचें स्वतःचें कांहीं उरतें कीं नाहीं ? सर्व कांहीं उरतें. ढवळ्या चालत असतां त्याचा कान माशी हांकण्यासाठीं हलतो, घुंगरमाळ झुलते, शेपूट फटकारा मारतें. गटाची गति आणि अंगची गति यांची बेरीज होते. फिल्म्स डिव्हिजननें १९७४ सालीं काढलेला, विजया मुळे यांनीं दिग्दर्शित केलेला ‘एक अनेक और एकता’ हा लहानसा व्यंगचित्रपट पुष्कळ पालकांनीं बालपणीं दूरदर्शनवर पाहिला असेल. त्यांतलीं पाखरें जाळ्यासकट उडून जातात. पंख प्रत्येकाचे निराळे हलतात, आणि जाळें मात्र एकाच दिशेनें जातें. तो चित्रपट आपल्या मुलांबरोबर पुनः एकदां पाहावा, आणि यांत कोणाचा गट कोणता, हें त्यांस विचारावें.

‘आफ्टर इफेक्ट्स’मध्यें एक थर दुसऱ्या थरामागें बांधण्याचीही सोय आहे. ज्याच्यामागें बांधावयाचें, त्या थरास तेथें पालक म्हणतात, व बांधलेल्या थरास मूल. पालक हलला कीं मूल हलतें. मूल हललें म्हणून पालक हलत नाहीं. हा नियम आम्ही वर्गांत शिकवितों तेव्हां मुलांस त्यांत गंमत वाटते. पुढील हकीकत घडल्यापासून आम्हांस त्यांत गंमतीहून अधिक कांहीं दिसूं लागलें आहे.

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, तेव्हां तांड्यावरचा तो मुलगा आला तो निरोप घेण्यास. त्याचे आईवडील ऊसतोडीस निघाले होते, आणि तो त्यांच्याबरोबर चालला होता. चित्राचें काम निम्मेंच झालें होतें. त्यानें तासभर संगणक मागून घेतला. बैलाचीं चार पावलें पुरीं करीत असेल, असें सर्वांस वाटलें. तो गेल्यावर मुलांनीं फाईल उघडून पाहिली, तों बैल होता तेथेंच होता. मुलानें त्या तासांत सर्व थरांस नांवें दिलीं होतीं. ‘ढवळ्या डावा कान’, ‘पवळ्या मागला उजवा खूर’, ‘धूळ पुढली’, ‘धूळ मागली’. ज्या गटाचें काम अपुरें होतें, त्याच्या नांवापुढें ‘बाकी’ असा शब्द होता. आपण येथें असणार नाहीं हें ओळखून, जे असणार होते त्यांच्याकरितां त्यानें तो तास खर्च केला होता.

उरलेल्या सहा जणांस कोणाला कांहीं विचारावें लागलें नाहीं. जेथें ‘बाकी’ होतें, तेथून त्यांनीं काम उचललें, आणि स्नेहसंमेलनाच्या दोन दिवस आधीं तें पुरें केलें. शेवटच्या नामावळींत त्या मुलाचें नांव पहिलें घालावें, अशी सूचना यादी लावणाऱ्या त्या मुलीनेंच केली, व ती सर्वांनीं मान्य केली. चित्र त्याच्या वडिलांच्या फोनवर पाठविण्यांत आलें. दोन दिवसांनीं उसाच्या फडांतून वडिलांचा आवाज आला : “गुरुजी, बैल आमचाच हाये. डावं शिंग वाकडं हाये, तेही तसंच काढलं पोरानं.” त्या वाकड्या शिंगाकडे तोंवर आमच्यापैकीं कोणाचेंही लक्ष गेलें नव्हतें.

तो मुलगा परीक्षेपुरता परत आला व उत्तीर्ण झाला. यंदा आईवडील पुनः ऊसतोडीस गेले आहेत. तो मात्र आजीआजोबांजवळ तांड्यावर राहिला आहे, आणि दहावीच्या वर्गांत रोज दुसऱ्या बाकावर बसतो. पोटामागें घरदार सोडून जाणाऱ्या पालकांस आम्ही दोष देत नाहीं. तें जाणें हौसेचें नसतें, हें आम्ही जाणतों. पालकाबरोबर मूल हलतें हा जसा नियम आहे, तशीच मुलास अंगची गति असते, हाही नियम आहे. ती थांबूं नये म्हणून आजीआजोबांकडे, नातलगांकडे किंवा वसतिगृहांत कांहीं तजवीज होण्यासारखी असेल, तर गांव सोडण्यापूर्वीं शाळेंत येऊन बोलावें. संकोच करूं नये, एवढीच आमची विनंति आहे.

आतां थोडा इशारा. गटांची गोडी लागल्यावर एका विद्यार्थ्यानें प्रत्येक थरास स्वतंत्र गट केला, त्या गटास दुसऱ्या गटांत घातलें, व त्यास तिसऱ्यांत. बैलाच्या डोळ्यापर्यंत पोंचावयास सात दारें उघडावीं लागूं लागलीं. जें एकत्र हलत नाहीं, एकत्र फिकट होत नाहीं, व एकत्र बदलत नाहीं, त्याचा गट करूं नये. तसेंच प्रसंग बदलला तर गट मोडण्यास भिऊं नये. तान्ह्या पोळ्याच्या दृश्यांतला बैल लांकडी. त्याचे पाय फळीस जखडलेले. म्हणून तेथें पायांचे बारा तुकडे करण्याचें प्रयोजन नाहीं. धड, पाय व फळी यांचा एक थर पुरे. चाकें मात्र निराळीं हवींत, व प्रत्येकाचा बिंदु आंसावर हवा.

विद्यार्थिमित्रहो, हलतें चित्र करावयास बसाल, तेव्हां पहिला थर काढण्यापूर्वीं साध्या कागदावर एक प्रश्न लिहून त्याचें उत्तर काढा : कोण कोणाबरोबर चालणार ? थर काढला कीं त्याच क्षणीं त्यास नांव द्या, आणि तें नांव असें द्या कीं, तुम्ही गैरहजर असतां तुमच्या सोबत्यास तें वाचून काम करतां यावें. सारख्यांचे गट आपोआप जमतात. एका आळीचीं मुलें एका बाकावर बसतात. ज्यांच्या घरीं संगणक आहे तीं एकमेकांशीं बोलतात. सोबतीचे गट जमवावे लागतात, व त्यास एखादी दुपार हंसें करून घेण्याचीही तयारी लागते.

यंदाच्या नववीनें अरुणावती धरणावर चित्र करावयाचें ठरविलें आहे, असें ऐकतों. त्यांत पाणी येईल, कांठावरचा बगळा येईल, आणि बगळ्याचें पाण्यांतलें प्रतिबिंबही येईल. तें प्रतिबिंब बगळ्याच्या गटांत घालावें कीं पाण्याच्या, हा प्रश्न आम्ही त्यांच्यावरच सोंपवितों. बगळा उडाल्यावर काय होतें, हें एका सकाळीं धरणावर जाऊन पाहून यावें, आणि मग ठरवावें.